चढताना चांगला पाय, उतरताना दुखरा

आईच्या गळ्यात टेप नाही असं मी तिला फार कमी वेळा बघितलंय. पंचेचाळीस वर्षं ब्लाऊज शिवतेय ती, नाशिकला पंचवटीत, काळारामाच्या मागच्या गल्लीत, आमच्या जुन्या घराच्या खालच्या खोलीत, आणि अख्ख्या गल्लीतल्या बायकांची मापं तिच्या डोक्यात आहेत. तर जानेवारीच्या शेवटी तोच टेप फिजिओथेरपीवाल्या मुलीने आईच्या गळ्यातून काढून घेतला, गुडघ्याच्या वाटीपासून वर पंधरा सेंटिमीटर मोजले, बॉलपेनने खूण केली आणि मांडीचा घेर घेतला. डावी मांडी सेहेचाळीस. उजवी साडेबेचाळीस. आईने टेप हिसकावूनच घेतला तिच्या हातातून आणि स्वतः परत मोजलं. साडेबेचाळीसच.

"सहा आठवड्यांत साडेतीन सेंटिमीटर?" आई म्हणाली. "एवढं तर मी उपासतापास करूनही कधी उतरले नाही."

झालं होतं असं की डिसेंबरात ती रामकुंडाच्या पुढच्या पायऱ्यांवर घसरली, सगळं वजन उजव्या गुडघ्यावर आलं आणि वाटीला आडवी चीर गेली. पहिल्या दवाखान्यात एक्स-रे बघून प्लॅस्टर घातलं, मांडीपासून घोट्याच्या वरपर्यंत, आणि सहा आठवडे आराम करा म्हणाले, बस. त्या सहा आठवड्यांत त्या पायाचं काय करायचं, काय हलवायचं, काय नाही, एक शब्द कुणी सांगितला नाही, आणि याचा मला अजून राग आहे. पण डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या डोक्यात बसली. म्हणाले, नशीब समजा, तुकडे लांब गेले नाहीत, नाहीतर ऑपरेशन करून तारेने बांधावे लागले असते. मी विचारलं तुकडे लांब कसे जातील, हाड आपोआप थोडंच चालतं? तर म्हणाले, मांडीचा स्नायू ओढून नेतो की.

हे मला माहीतच नव्हतं. म्हणजे वाटी ही मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूच्या दोरीतच ओवलेली असते. वरून स्नायू येतो, त्याची दोरी होते, त्या दोरीत वाटी, आणि वाटीच्या खालून ती दोरी नडगीच्या हाडाला जाऊन चिकटते. स्नायू आखडला की वाटी वर ओढली जाते, वाटीमागोमाग नडगी, आणि पाय सरळ होतो. वाटी तिथे विहिरीवरच्या कप्पीसारखं काम करते, दोरी हाडापासून जरा लांब धरते म्हणून कमी जोरात जास्त वजन उचललं जातं. आणि वाटीच मधून तुटली तर? ओढणारा ओढतच राहतो, वरचा तुकडा वर, खालचा खाली.

तेव्हापासून मी वाचायला लागले. मी काही डॉक्टर नाही, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते, पण आईजवळ राहायला आलेच होते आणि रात्री ती झोपली की मोबाईलवर वाचत बसायचे.

सगळ्यात आधी जे कळलं ते इतकं साधं आहे की शाळेत कुणी नीट सांगितलं कसं नाही याचंच नवल वाटतं. स्नायू फक्त ओढतो. ढकलणं त्याला येतच नाही. शरीरात हाडांना चिकटलेले सहाशेहून जास्त स्नायू आहेत, आपल्या वजनाचा जवळजवळ चाळीस टक्के भाग तेच, आणि त्यातल्या एकालाही ढकलता येत नाही. मग आपण दार ढकलतो ते कसं? तर दंडाच्या मागचा स्नायू कोपराच्या टोकाला ओढतो, त्यामुळे हात सरळ होतो आणि दार उघडतं. हात परत दुमडायचा असेल तर पुढचा ओढणार आणि मागचा सैल सोडणार. सगळीकडे अशा जोड्या, एकाने ओढायचं आणि त्याच वेळी दुसऱ्याने सोडायचं.

आईला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, मशीनच्या पायट्यासारखं. आणि खरंच तसंच आहे! पायटा चालवताना बोटं खाली दाबायची म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेचं हाड वर ओढतो, आणि टाच खाली दाबायची म्हणजे नडगीच्या पुढचा स्नायू पाऊल वर ओढतो. पोटरी, नडगी, पोटरी, नडगी. पंचेचाळीस वर्षं तिचे हे दोन स्नायू आळीपाळीने ओढतायत आणि आपल्याला वाटतं बाई पायटा "ढकलतेय".

प्लॅस्टरमध्ये घोटा मोकळा होता, आणि कुणी न सांगताच आई पलंगावर पडल्या पडल्या हवेत पायटा चालवायची, सवयीने, रेडिओ ऐकताना. मी तिला ओरडायचे, गप पड म्हणून. नंतर फिजिओवाल्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, अहो ताई, ओरडताय काय, आजींनी स्वतःला वाचवलंय. कारण पायातलं रक्त वर न्यायला हृदय एकटं पुरत नाही. पोटरीचा स्नायू आखडतो तेव्हा मधल्या नीला पिळल्या जातात, रक्त वर ढकललं जातं, आणि नीलांमध्ये झडपा असतात म्हणून ते परत खाली येत नाही. पाय हललाच नाही तर रक्त साचतं, त्याची गुठळी होऊ शकते, ती फुफ्फुसात गेली तर जिवावरचं. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते उगाच नाही.

तर मांडी. पहिल्या दिवशी त्या मुलीने आईच्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, आजी, गुडघ्याने टॉवेल खाली दाबा. आई दाबायला गेली. काही झालं नाही. म्हणजे अक्षरशः काही नाही, मांडीवर एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. आईने श्वास रोखला, ओठ आवळले, डाव्या पायाने मात्र जोरात दाबलं, उजवा तसाच पडून. "ऐकतच नाही गं," आई म्हणाली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला बघवेना, जसं काही स्वतःच्या घरातलं माणूस हाक मारूनही वळून बघत नाहीये.

मुलगी शांत होती. म्हणाली, पाय विसरलेला नाही आजी, गुडघा सुजलाय म्हणून त्याच्यातून मणक्याकडे सारखा निरोप जातोय की इथे गडबड आहे, जोर लावू नका, आणि मग तिकडून मांडीला आज्ञाच अर्धवट येते. मग तिने बॅगेतून छोटी मशीन काढली, मांडीवर दोन चिकट पॅड लावले आणि करंट सोडला. आणि मांडी उडाली! आपोआप. वाटी पण सुत्तकन वर सरकली. आई घाबरून देवाचं नाव घ्यायला लागली आणि मग हसायला लागली.

मला त्या क्षणी बेटकुळी आठवली. लहानपणी बाबा शर्टाची बाही वर करून दंड फुगवायचे आणि म्हणायचे, बघ बेटकुळी. बेटकुळी म्हणजे छोटी बेडकीच, कातडीखाली टुणकन उडी मारते म्हणून. लॅटिनवाल्यांना त्याच जागी उंदीर दिसला, त्यांचा मसल हा शब्द छोट्या उंदरावरून आलाय. मला आपली बेडकीच जास्त पटते, कारण हे कोडं सुटायला सुरुवातही बेडकापासूनच झाली. इटलीत बोलोन्या गावात लुइजी गॅल्वानीने 1780 च्या दशकात बघितलं की मेलेल्या बेडकाच्या पायातल्या नसेला, रक्ताच्या नव्हे, निरोप नेणाऱ्या नसेला, वीज लागली की पाय झटका मारतो, आणि 1791 साली त्याने ते छापलं. त्याआधी लोकांना वाटायचं नसांमधून काहीतरी वारा किंवा रस वाहतो आणि स्नायू फुगतो. आईच्या मांडीवरचे ते दोन पॅड म्हणजे तोच बेडूक.

पण वीज आली आणि पुढे काय? स्नायू आखडतो म्हणजे त्याच्या आत नक्की काय आखडतं? हे मला सगळ्यात जास्त आवडलं म्हणून जरा सावकाश सांगते.

काहीच आखडत नाही.

आईच्या माहेरी निफाडकडे मळ्यात विहीर होती, आता बुजवली. लहान असताना आम्ही पोहरा ओढायचो, कप्पी नसलेल्या बाजूने, नुसत्या हातांनी. एक हात दोर धरतो, मागे ओढतो, सोडतो, पुढे जाऊन परत धरतो, तोवर दुसऱ्या हाताने धरून ठेवलेलं असतं. दोर लहान होत नाही, हात लांब होत नाहीत, पण पोहरा वर येतो. स्नायूत अगदी हेच चाललेलं असतं. आत दोन प्रकारचे तंतू असतात, बारीक ते ॲक्टिन, तो दोर, आणि जाड ते मायोसिन, त्याला हात असतात, एका जाड तंतूवर साधारण 300. हात बारीक तंतूला धरतात, वाकतात, तो तंतू जरासा सरकतो, हात सोडतात, पुढचं धरतात. एका वेळचं सरकणं मिलिमीटरच्या लाखाव्या भागाइतकं. पण या दोन तंतूंचे मिळून छोटे छोटे कप्पे झालेले असतात आणि ते एकामागे एक लावलेले असतात, एका सेंटिमीटरमध्ये चार-पाच हजार, आणि प्रत्येक कप्पा थोडा थोडा सरकला की सगळ्यांचं मिळून अख्खा पाय उचलला जातो. 1954 साली नेचर मासिकाच्या एकाच अंकात दोन निबंध शेजारी शेजारी छापून आले, एक ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा, दुसरा अँड्र्यू हक्सली आणि रॉल्फ निडेर्गेर्के यांचा, दोन्ही हक्सलींचं एकमेकांशी नातं काही नाही, आणि दोन्हींचं म्हणणं एकच, की तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. म्हणजे हे कळून शंभर वर्षंसुद्धा झालेली नाहीत. माझे आजोबा तेव्हा विहिरीवर पोहरा ओढत होते.

आणि त्या हातांना "धरा" म्हणून सांगतं कोण, तर कॅल्शियम. कॅल्शियम म्हटलं की आपल्याला हाडं आणि दूध आठवतं, पण नसेचा निरोप आला की स्नायूच्या पेशीतल्या पिशव्यांमधून कॅल्शियम बाहेर पडतं, दोरावरचं झाकण सरकवतं आणि मग हातांना धरायला जागा मिळते. निरोप थांबला की कॅल्शियम परत पिशव्यांमध्ये भरायचं, झाकण बंद. हे सगळं सेकंदाच्या बारीकशा तुकड्यात. आई सुईत दोरा ओवते तेव्हा हेच होतं, फक्त तिथे एकेक नस स्नायूच्या मोजक्या धाग्यांना, म्हणजे त्याच्या लांबट पेशींना, सांभाळते म्हणून इतकं नाजूक जमतं, आणि पोटरीत एक नस हजारभर धाग्यांना एकदम हुकूम देते, तिथे नाजूकपणाचं कामच नाही. हृदयाचा आणि आतड्यांचा स्नायू वेगळा, ते आपल्याला विचारत नाहीत, त्यांच्याबद्दल परत कधीतरी.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको असं दोनदा वाटलं.

हे हात दोर सोडतात ना, त्या सोडण्याला ताकद लागते. मला वाटायचं धरायला, ओढायला शक्ती लागते आणि सोडणं म्हणजे नुसतं सैल पडणं. उलटं आहे. एटीपी नावाचा जो शक्तीचा कण आहे, आपण खाल्लेल्या भाकरीचा शेवटी तोच होतो, तो येऊन मायोसिनच्या हाताला चिकटला तरच तो हात दोर सोडतो. मग तो कण मोडतो आणि त्यातून हात पुढच्या ओढीसाठी ताणला जातो. एटीपी नसेल तर हात जिथे आहे तिथेच, धरून.

बाबा गेले ते रात्री झोपेत. पहाटे आईला कळलं. मी पोचले तेव्हा उजाडलं होतं, शेजारच्या काकांनी हनुवटीला पट्टी बांधली होती, पायाचे अंगठे बांधले होते. बाबांच्या उजव्या मुठीत चादरीचं टोक होतं. आई ती बोटं एकेक करून सोडवायचा प्रयत्न करत होती आणि ती सुटत नव्हती. काका म्हणाले, वहिनी राहू द्या. शेवटी चादरीचं तेवढं टोक कात्रीने कापलं, आईच्या शिवणाच्या कात्रीने, आणि ते तसंच मुठीत घेऊन बाबा अमरधामला गेले. कितीतरी वर्षं आई म्हणायची, त्यांना जायचं नव्हतं, बघ कसं धरून ठेवलं होतं. मी काही बोलायचे नाही.

श्वास थांबला की एटीपी तयार होणं थांबतं, असलेलं संपत जातं. कॅल्शियम पिशव्यांबाहेर झिरपतं, हात दोर धरतात आणि सोडवायला कुणी येत नाही. दोन-चार तासांत पापण्या, जबडा, मग हळूहळू बोटांसकट सगळं अंग. दीड-दोन दिवसांनी ते तंतूच मोडायला लागतात तेव्हा परत सैल पडतं. म्हणून जुनी माणसं घाईघाईने हनुवटी बांधतात, डोळे मिटतात, त्यांना एटीपी माहीत नव्हतं पण वेळ माहीत होती.

मी हे वाचलं त्या रात्री आई शेजारच्या पलंगावर झोपली होती. मी उठून तिचा हात बघितला, बोटं सैल, अर्धवट मिटलेली. तिला उठवून सांगावंसं वाटलं आणि नाही सांगितलं. आठवड्याने सांगितलं, पोळ्या लाटताना. तिने सगळं ऐकून घेतलं, एक पोळी भाजली, दुसरी टाकली, आणि म्हणाली, म्हणजे त्यांना त्रास नाही ना झाला धरून ठेवायचा? मी म्हटलं नाही आई, काही नाही. ती म्हणाली, मग बरं.

करंटची मशीन आठ-दहा दिवस लागली असेल. मग एका सकाळी टॉवेल दाबला गेला. अगदी थोडा, पण वाटी वर सरकलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली. मग पाय सरळ ठेवून उचलायचा, दहा वेळा, मग पलंगाच्या कडेला बसून गुडघा वाकवायचा, तो वाकायलाच तयार नाही, डोळ्यांतून पाणी यायचं तिच्या. आणि दर रविवारी टेप. पहिला रविवार साडेबेचाळीस. दुसरा साडेबेचाळीस. तिसरा, साडेबेचाळीसच. पण पाय तर उचलला जात होता, नंतर अर्धा किलो तांदळाची पिशवी घोट्याला बांधून उचलला जात होता! आई चिडली, तिच्यासाठी टेप म्हणजे शेवटचा शब्द. त्या मुलीने सांगितलं की पहिले काही आठवडे स्नायू वाढतच नाही आजी, आधी नस शिकते, जास्त धाग्यांना एकदम कामाला कसं लावायचं ते, म्हणून ताकद आधी येते आणि माप मागून. धाग्यांच्या कडेला राखीव पेशी असतात, त्या जाग्या होतात, दुरुस्तीला हातभार लावतात, त्याला वेळ लागतो, आणि खायला लागतं, डाळी, अंडी. आई अंडं खात नाही. मग मटकी, हरभरे, दूध, शेंगदाणे, रोज. पाचव्या रविवारी त्रेचाळीस झालं. त्या दिवशी आईने गल्लीत सगळ्यांना सांगितलं.

जिन्याचा नियम वेगळाच होता. आमचा जिना लाकडी, उभा, जुन्या घरांत असतो तसा दोर धरून चढायचा. मुलीने पाठ करून घेतलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मला वाटलं उतरताना काय, उतरायला कुठे जोर लागतो. तिने विचारलं, ताई, पांडवलेणीला गेलात तर दुसऱ्या दिवशी मांड्या कशाने भरून येतात, चढण्याने की उतरण्याने?

आणि मला माझं अंजनेरी आठवलं, कॉलेजातलं. चढताना धाप लागली, पण उतरताना मजेत, जवळजवळ पळत आलो. दुसऱ्या दिवशी थोडं, आणि तिसऱ्या दिवशी मला खाली बसता येईना. सगळे म्हणाले लॅक्टिक ॲसिड साचलंय. ते काही खरं नाही, ते तर तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. उतरताना मांडीचा स्नायू ओढत असतो आणि ओढता ओढताच लांब होत असतो, रविवार कारंजाकडून नदीकडे भरलेली हातगाडी उतरवणारा माणूस बघा, तो गाडी ढकलत नसतो, मागे रेलून धरून धरून सोडत असतो. त्या ताणाने तंतूंना बारीक बारीक चिरा जातात, मग सूज, मग दुखणं, म्हणून ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येतं. तर उतरताना जो पाय वरच्या पायरीवर राहतो, सगळं अंग सावकाश खाली सोडायचं काम त्याचं. म्हणून तो चांगला हवा. दुखरा आधी खाली, चांगला वर धरून ठेवणार.

दोन महिने आई असंच उतरत होती, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, तोंडाने "दुखरा, चांगला, दुखरा, चांगला" म्हणत. मी खाली उभी राहायचे, हात पुढे करून.

चैत्रातली कामदा एकादशी आली. रामाचा आणि गरुडाचा रथ निघतो त्या दिवशी, दुपारपासून गल्लीत दोर ओढणाऱ्या पोरांचा गलका, नाशिक ढोल असा की खिडकीची काच थरथरते. आई वरच्या खोलीत वेणी घालत होती. आदल्या रविवारी टेपवर साडेचव्वेचाळीस आलं होतं, दीड सेंटिमीटर अजून बाकी. मी ओटीवर सडा टाकून रांगोळी काढायला बसले होते आणि ढोल अगदी कोपऱ्यावर आला तसं मला जिन्यावर पावलं ऐकू आली. तोंडाने काही म्हणत नव्हती. मी आत वळून बघितलं तर आई वरून तिसऱ्या पायरीवर होती, एका हातात दोर, दुसऱ्या हातात आरतीचं ताट, आणि तिने डावा पाय खाली टाकला होता.